कोकणात इग्वानाचं घर: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

इग्वानाचं घर म्हणून बाजारात जे जे विकलं जातं, त्यात कोकणातल्या माणसाने सगळ्यात आधी बाजूला ठेवायची वस्तू म्हणजे काचेची तयार टाकी, आणि सगळ्यात आधी घ्यायची वस्तू म्हणजे यूव्हीबी ट्यूब, म्हणजे हाडांसाठी लागणारे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा. बहुतेकांचा खर्च नेमका उलटा होतो. टाकीतच बजेट संपतं, मग दिव्याच्या वेळी हात आखडतो आणि सहा महिन्यांत जनावराचा जबडा मऊ पडायला लागतो.

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतल्या लोकांसाठी बनलेले असतात. त्यातला निम्मा खर्च ऊब आणि दमटपणा पिंजऱ्यात धरून ठेवण्यासाठी असतो. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पाण्याच्या काठच्या झाडांवर राहणारा. त्याला दिवसा २७ ते ३२ अंशांची हवा लागते, ऊन खायच्या जागी ३५ ते ३८ अंश, रात्री २२-२३ च्या आसपास आणि दमटपणा ६५ ते ८० टक्के. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर यातलं बरंचसं वर्षातले बहुतेक महिने फुकट मिळतं. फॉगर, ह्युमिडिफायर, हीटिंग पॅड यांची इथे गरज नाही. इथल्या अडचणी वेगळ्या: खारी हवा लोखंड खाते, पावसाळा चार महिने ऊन बंद करतो, आणि कोंदट पिंजऱ्यात जनावराच्या कातडीवर काळे डाग आणि फोड येतात. पैसा या तीन गोष्टींवर लावायचा.

आधी कागद, मग पिंजरा. हिरवा इग्वाना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२२ च्या सुधारणेनंतर तो वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतो. सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. तो दुसऱ्याकडे दिला, पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा कागद देत नसेल तर तो व्यवहार तिथेच सोडा. असा प्राणी स्वस्तात मिळाला तरी तो आणायचा नाही.

माप

दुकानात दिसणारं पिल्लू वीतभर असतं आणि तिथेच अंदाज चुकतो. नीट वाढलेला इग्वाना तीन-चार वर्षांत शेपटीसकट चार-पाच फुटांचा होतो, मोठा नर सहा फुटांपर्यंत जातो, आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. मोठ्या इग्वानासाठी सहा फूट रुंद, तीन फूट खोल आणि सहा फूट उंच ही आमच्या मते सगळ्यात लहान चालणारी जागा. त्याहून मोठी करता आली तर आधी उंची वाढवा आणि मग खोली. हा झाडावरचा प्राणी आहे. जमिनीवर कितीही जागा दिली तरी तो वरच जाऊन बसतो.

पिल्लाला मात्र पहिल्या दिवसापासून एवढी जागा देऊ नये. त्याला खाणं सापडत नाही आणि आपल्याला पिल्लू सापडत नाही. पहिल्या वर्षासाठी जुनं लाकडी शोकेस काढा, पुढची काच काढून तिथे बारीक वेल्ड जाळी लावा, वरच्या फळीत दिव्यासाठी खाच पाडा. कोकणात जुनी घरं पाडली जातात तेव्हा सागाची, फणसाची अशी कपाटं मिळतात. घेताना मागची फळी आणि खालचे कोपरे नखाने टोकरून बघा. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून शाबूत दिसतं आणि बोट लावलं की आत जातं.

तयार मिळणारं काय चालतं

काचेची चार फुटी टाकी: नको. वरून एकाच बाजूने हवा, म्हणून पावसाळ्यात तळ सुकत नाही. उन्हात ठेवली तर काचेच्या आत तापमान झपाट्याने चाळिशीच्या वर जातं आणि जनावर तिथेच दगावू शकतं. त्यात काच यूव्हीबी अडवते, म्हणजे खिडकीतून आलेलं ऊन डोळ्यांना दिसतं, पण जनावराच्या हाडांना त्याचा उपयोग नाही. शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसल्यामुळे नर तासन् तास मान हलवत बसतो.

कुत्र्याचा घडीचा पिंजरा: नको. उंची नाही, गजांमधलं अंतर जास्त, आणि पावडर कोटिंग नखांनी सोलवटलं की आतलं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं.

पक्ष्यांची उभी एव्हियरी जुनी मिळाली तर ती नक्की बघावी. सांगाडा जाड पाइपचा असेल तर फक्त जाळी बदलून ती वापरता येते. लोखंडी कपाट मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी त्यात काही करू नका. दिवसा ते तापतं, रात्री आतून घाम धरतं.

या सगळ्यांपेक्षा चांगला आणि बहुतेक वेळा स्वस्त पर्याय म्हणजे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सांगाडा करून घेऊन पडवीत भिंतीला लावणं. वर कौलं, मागे चिऱ्याची भिंत आणि तीन बाजूंनी हवा असलेल्या अशा जागेवर उन्हाळ्यातही पत्र्याखाली होतो तसा भट्टीसारखा ताव येत नाही.

सांगाडा: पाच पाइपांचा हिशोब

एक इंची चौकोनी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, १६ गेज, २० फुटांच्या पाच लांब्या घ्या. कापायचा क्रम सांगून द्या, नाहीतर तुकडे वाया जातात आणि सहावी लांबी लागते. पहिल्या तीन लांब्यांतून प्रत्येकी तीन असे सहा फुटी नऊ तुकडे निघतात: चार खांब, चार आडव्या पट्ट्या आणि पुढच्या बाजूचा मधला खांब. प्रत्येकातून जवळपास दोन फूट उरतं. ते तीन तुकडे टाकू नका, तेच दाराचे आडवे दांडे. चौथ्या लांबीतून तीन फुटी सहा तुकडे: चार पुढून मागे जाणाऱ्या पट्ट्यांचे, दोन तळाखालच्या आधाराचे. पाचवीतून एक सहा फुटी खांब, दाराचे पाच फुटी दोन उभे दांडे आणि उरलेल्यातून अकरा-अकरा इंचांचे चार पाय. पाय हवेतच. तळ जमिनीला टेकला की ओल चढते आणि उंदीर खालून कुरतडतात.

दार दोन फुटांहून अरुंद करू नका. मोठी फांदी बाहेर काढायची वेळ येते, जनावर धरून बाहेर आणायची वेळ येते, आणि त्याची शेपटी चाबकासारखी चालते. दार उघडलं की खांद्यावरून उडी मारून पळण्यात इग्वाना पटाईत आहे, म्हणून पडवीलाच बाहेरून जाळीचं एक दार असेल तर उत्तम. कडीला खिटी घाला. नुसती अडकवलेली कडी सततच्या धडकांनी उठते.

मागची भिंत हीच पिंजऱ्याची मागची बाजू करायची असेल तर ती गिलावा केलेली असावी. उघड्या चिऱ्याच्या भोकांत विष्ठा बसते आणि घासून निघत नाही. सांगाडा भिंतीला बसवताना लहान प्लास्टिक गिट्टी चिऱ्यात सैल पडते. लांब अँकर बोल्ट लागतात, आणि ते सांध्यात न मारता दगडाच्या मधोमध. भिंत आणि पाइप यांच्यात जिथे फट राहील तिथे सिमेंट भरा. बोट जातं तिथे पिल्लू जातं.

वेल्डिंगचे सगळे सांधे ग्राइंडरने साफ करून घ्या आणि त्याच दिवशी झिंक प्रायमर मारा. वेल्ड करताना तिथला जस्ताचा थर जळून गेलेला असतो, आणि समुद्राजवळ नागडा सांधा आठवड्यात तांबूस दिसायला लागतो. प्रायमरवर ऑइल पेंटचे दोन हात. डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याची खूण बघून घ्या. इग्वाना जिभेने सगळं चाचपत फिरतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान पंधरा दिवस, जनावर आत सोडू नका.

जाळी: इथे घासाघीस नको

चिकन जाळी म्हणजे षटकोनी पातळ तारेची जाळी सगळ्यात स्वस्त, आणि या कामाला सगळ्यात वाईट. तार वाकते, नख अडकतं, जनावर झटका देऊन पाय ओढतं आणि नख मुळापासून निघतं. किनाऱ्यालगत ती पहिल्याच पावसाळ्यात तुटायला लागते. मच्छरजाळी मोठा इग्वाना एका दिवसात फाडतो. मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर मागितलं की मिळतं, म्हणून ते बांधायचा मोह होतो. तो आवरा. त्यात बोट गुरफटलं की दोरा आवळत जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट काळं पडून गळतं.

घ्यायची ती वेल्ड जाळी, अर्धा इंच चौकोनाची, १६ गेज. एक इंची स्वस्त पडते, पण तिच्यातून लहान साप आणि उंदराची पिल्लं सहज आत येतात. तीन फूट रुंदीचा रोल मागा. भिंत मागे धरली तर हिशोब सरळ बसतो: पुढच्या बाजूला सहा फुटांचे दोन पट्टे, दोन्ही कुशींना एकेक, वर एक. पाच पट्टे म्हणजे ३० फूट, आणि हाताशी राहावं म्हणून दोन फूट जास्त.

दुकानात जीआय वेल्ड जाळी म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एकीत आधीच जस्त चढवलेली तार नंतर वेल्ड करतात. दुसरीत साधी तार वेल्ड करून मग अख्खी जाळी वितळलेल्या जस्तात बुडवतात. पहिलीचे सांधे वेल्डिंगच्या तापाने उघडे पडलेले असतात, आणि खाऱ्या हवेत गंज बरोबर त्या सांध्यांतून सुरू होतो. तार शाबूत आणि सांधा तुटलेला, अशी जाळी मग नुसती ओढली तरी उसवते. ओळखायला सोपं आहे. जाळी उजेडात तिरकी धरा आणि जिथे दोन तारा एकमेकींवर येतात तिथे बघा. पहिल्या प्रकारात सांध्यावर काळपट, जळका ठिपका दिसतो आणि दोन तारांमधली खाच उघडी असते. दुसऱ्यात भांड्याला कल्हई धरावी तसं जस्त त्या खाचेत भरलेलं असतं, सांधा गोलसर आणि तारेच्याच रंगाचा. दुकानदाराला सरळ विचारायचं, “भाऊ, वेल्ड करून मग गॅल्वनाइज केलेली आहे का?” माहिती नसेल तर तो रोल उजेडात काढून दाखवायला सांगा. दुसरी महाग पडते आणि ती किंमत द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टेनलेसची जाळी याहून टिकते, पण तिच्या पैशांत दिव्याचा सगळा संच येतो.

पीव्हीसीचा हिरवा थर असलेली जाळी दिसायला छान असते. कापलेल्या टोकातून खारं पाणी थराखाली शिरतं आणि आतल्या आत गंज पसरतो. वरून काहीच कळत नाही. किनाऱ्यापासून लांब, देवरुख-लांजा बाजूला, ती चालेल. समुद्रावर नको.

जाळी सांगाड्याला वेल्ड करून घेऊ नका, वाचवलेलं जस्त तिथे पुन्हा जळेल. पाइपाच्या आतल्या अंगाला जाळी ठेवून तिच्या कडेवर पातळ पट्टी आणि स्टेनलेसचे स्क्रू, दर सहा इंचांवर एक. कापलेली टोकं पट्टीखाली गेली पाहिजेत. नंतर सगळी जाळी ब्रश आणि व्हिनेगरने घासून धुवा. नवीन जाळीवरची जस्ताची पूड जनावराच्या पोटात जाता कामा नये.

आत सोडल्यावर काही इग्वाना जाळीवर नाक घासत फिरतात आणि नाकाचं सालपट जातं. बाहेरची हालचाल दिसते, म्हणून ते तिकडे जायला बघतात. खालचा दीड फूट भाग बाहेरून पीव्हीसी शीटने किंवा जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूने झाका. खर्च जवळजवळ शून्य, आणि हा त्रास बहुतेक वेळा यानेच कमी होतो.

ट्यूब

यूव्हीबी किरण कातडीवर पडल्याशिवाय इग्वानाच्या अंगात पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय खाण्यातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढतं. आधी पाय थरथरतात, मग जबडा सुजल्यासारखा आणि रबरासारखा मऊ होतो, कणा वाकतो. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही.

थेट ऊन सगळ्यात चांगलं, आणि ऑक्टोबर ते मे कोकणात ते भरपूर आहे. जाळीतून आलेलं थेट ऊन अर्धा तास मिळालं तरी मोठं काम होतं. पण जून ते सप्टेंबर पडवीत बसलेल्या जनावराला आभाळाकडून काही मिळत नाही, म्हणून ट्यूब सोडता येत नाही.

घ्यायची ती टी-५ एचओ (बारीक, जास्त झोताची), १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची लांब ट्यूब. आर्केडिया आणि झू मेड या दोन्ही कंपन्यांच्या ट्यूबवर भरवसा ठेवता येतो. ५५ सेंटिमीटरची २४ वॉटची, ८५ ची ३९ वॉटची, ११५ ची ५४ वॉटची येते; सहा फुटी पिंजऱ्याला ३९ वॉटची बेताच्या बजेटमध्ये योग्य. वळणाचे छोटे सीएफएलसारखे यूव्हीबी बल्ब घेऊ नका, त्यांचा झोत एका वितीच्या पलीकडे उरत नाही आणि इग्वानाचं अख्खं अंग त्यात येत नाही.

पैसे वाचवायला जाऊन सगळ्यात जास्त घोळ होतो तो पट्टीत, म्हणजे ट्यूब बसवायच्या फिटिंगमध्ये. इलेक्ट्रिकच्या दुकानात टी-५ म्हणून जी पट्टी मिळते ती एलईडीची असते. यूव्हीबी ट्यूब फ्लुरोसंट आहे, तिला त्या त्या वॉटचा इलेक्ट्रॉनिक चोक असलेलीच पट्टी लागते. घरातली जुनी ट्यूबलाइटची पट्टी वापरायची असेल तर टी-८ प्रकारची (जाड) यूव्हीबी ट्यूब घ्यावी लागते, आणि आधी वायरमनला उघडून बघायला सांगा. त्या पट्टीत मधे कधीतरी एलईडी ट्यूब बसवली असेल तर चोक काढून थेट लाइन दिलेली असते, आणि त्यात फ्लुरोसंट ट्यूब लावली की ती जाते. टी-८ चा झोत कमी पडतो, म्हणून ती पाठीपासून २०-२५ सेंटिमीटरवर आणावी लागते. आमच्या मते टी-८ फक्त पिल्लाच्या शोकेसला ठीक.

टी-५ बसण्याच्या फांदीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर. वरच्या जाळीच्या बाहेर ठेवली तर अर्धा इंची १६ गेज जाळी साधारण चौथा हिस्सा प्रकाश अडवते, तेव्हा अंतर २५-३० वर आणा. मधे काच, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट काही नको. दिवसातले बारा तास चालू ठेवा. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहा आणि वर्षाने बदला. उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र उतरलेला असतो. कुरिअरने मागवताना खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, काचेची ट्यूब आहे, फुटून येते.

ट्यूबशेजारीच, त्याच फांदीवर, ऊब देणारे बल्ब. शंभराचा एक लावण्यापेक्षा साठ वॉटचे साधे पिवळे बल्ब दोन शेजारी लावा. एका मोठ्या बल्बखाली पाठीवर रुपयाएवढा भाग भाजतो आणि बाकी अंग थंडच राहतं. होल्डर चिनीमातीचा घ्या, बॅकेलाइटचा तडकतो. बल्ब जाळीच्या बाहेर किंवा भोवती तारेची टोपली करून. इग्वाना तापलेल्या बल्बला बिनदिक्कत चिकटतो आणि जळेपर्यंत हलत नाही. याच कारणाने तापणारा दगड, हीट रॉक, कधीच नको.

किनाऱ्यावर मार्च ते मे हे बल्ब सकाळचे दोन-तीन तास पुरे. पावसाळ्यात नऊ तास लावा: ऊब मिळते आणि मुख्य म्हणजे अंग सुकतं. रात्री कुठलाही रंगीत बल्ब नको. इग्वानाच्या डोक्यावर प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो, त्याला अंधार लागतो. दापोली-आंबोलीसारख्या उंचावरच्या गावांत थंडीत रात्री पारा खूप उतरतो. तिथे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट घ्या. बाकी किनाऱ्यावर दोन बाजूंना गोणपाट सोडलं की भागतं.

टायमर डिजिटल, बॅटरीचा. फिरत्या तबकडीचा स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो, आणि पावसाळ्यात वीज जाणारच. आठवडाभरात दिवा भलत्याच वेळी लागायला लागतो. बोर्डवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय पडवीत यातलं काही जोडू नका. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. ३९ वॉटची ट्यूब बारा तास आणि १२० वॉटचे बल्ब नऊ तास म्हणजे दिवसाला साधारण दीड युनिट, भर पावसाळ्यात महिन्याला ४५ ते ५०.

आतलं सामान

हे जवळजवळ सगळं गावातच मिळतं. फांद्या आंब्याच्या, फणसाच्या, पेरूच्या, पूर्ण सुकलेल्या. जाडी निदान जनावराच्या अंगाएवढी. काजू आणि बिब्ब्याचं लाकूड नको, चीक भाजतो. कण्हेर, रुई, शेर, चाफा यांच्या फांद्या तर जवळपासही नकोत. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि मोठ्या इग्वानाचं वजन सहज पेलतो, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, नखं धरत नाहीत. त्याला काथ्याचा सुंभ घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. सुंभाची टोकं आत खोचून टाका, लोंबता धागा बोटात अडकतो. प्रत्येक फांदी दोन ठिकाणी बोल्टने बांधा आणि स्वतः हाताने लोंबकळून बघा.

तळाला १२ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० छापलेला. आठ बाय चारच्या एका शीटमधून सहा बाय तीनचा तळ निघतो, एक फूट रुंद सहा फुटी पट्टी उरते ती मधे कापून दोन फळ्या करा, आणि उरलेल्या दोन बाय चारच्या तुकड्यातून लपायची पेटी. आयएस ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण रोज पाणी सांडणाऱ्या जागी तो फुगतो. कापलेल्या कडांना रंगाचे तीन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं.

वर अंथरायला वर्तमानपत्र. बाकी काही नको: समुद्राची वाळू खारट आणि पोटात साचणारी, लाकडाचा भुसा खाण्याला चिकटतो, कोकोपीट पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसटतं. प्लास्टिकचं मोठं टब, जनावराचं अख्खं अंग बुडेल एवढं. इग्वाना पाण्यातच शी करतो, म्हणून पाणी रोज बदला, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. साल्मोनेला या प्राण्यांच्या आतड्यात असतो. दाराजवळ जास्वंदीची एक कुंडी ठेवली तर सावली मिळते आणि पानं-फुलं त्याच्या खाण्यातही चालतात. कुंडीला औषध फवारलेलं नसावं.

दमटपणा आणि तापमान दाखवणारे छोटे डिजिटल मीटर दोन घ्या, एक वरच्या फांदीशी, एक तळाशी. पावसाळ्यात तळाचा आकडा ९० च्या वर अडकून बसला तर पाणी फवारणं पूर्ण बंद करा आणि हवा खेळती करा. सहा इंची एक्झॉस्ट फॅन पिंजऱ्याबाहेर, आतली हवा ओढून घेणारा, दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास. पोटावर किंवा शेपटीच्या मुळाशी तपकिरी डाग, पाण्याचे फोड दिसले तर तो ओल्या कागदावर बसून राहतोय असं समजा.

पाऊस आणि वारा

मृगाच्या आधी पडवीला झाप किंवा ताडपत्री बांधतो तशी पिंजऱ्याच्या पश्चिमेच्या अंगाला ताडपत्री बांधा, पण वरचा एक फूट उघडा ठेवून. पागोळ्यांचं पाणी पिंजऱ्याच्या पायाशी साचत असेल तर आधी ते वळवा. पत्र्याच्या शेडखाली पिंजरा असेल तर पत्रा आणि जाळी यांच्यात निदान दोन फूट मोकळं अंतर हवं, नाहीतर एप्रिलमध्ये वरची फांदी, म्हणजे त्याची आवडती जागा, बसण्यालायक राहत नाही. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर मुंग्या आणि हुमले चढत नाहीत. वाट्या डास होऊ नयेत म्हणून दोन दिवसांनी रिकाम्या करा. मांजर, मुंगूस आणि माकडं यांच्यासाठी जाळी पुरेशी आहे, दाराची खिटी मात्र माकडाला उघडता येते, तिथे कुलूप.

२०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन वादळांनी पडव्यांचे पत्रे आणि कौलं कशी उडवली ते सगळ्यांनी बघितलं आहे. भिंतीला चार अँकर आणि जमिनीत दोन, एवढं तरी हवंच. पिंजरा मोडून इग्वाना बाहेर पडला तर प्रश्न एका जनावरापुरता राहत नाही. फ्लोरिडा आणि पोर्टो रिकोत सुटलेल्या इग्वानांनी बागा, बंधारे, रस्त्यांचे भराव पोखरून काढले आहेत, आणि कोकणाची हवा त्यांना तितकीच मानवणारी आहे. इथे पिंजरा स्वस्तात होतो तो याच हवेमुळे. वादळाचा इशारा आला की जनावराला जाड कापडी पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या झाकणाच्या क्रेटमध्ये घालून घरात आणायचं. क्रेट आधीपासून हाताशी ठेवा.

वीस हजारांत काय बसवायचं

हातात २० हजार असतील तर त्यातले ६ ते ७ हजार ट्यूब, पट्टी, होल्डर, टायमर आणि आरसीसीबीसाठी आधी बाजूला काढून ठेवा आणि त्याला हात लावू नका. उरलेल्यातला सगळ्यात मोठा वाटा जाळीचा, मग पाइप आणि वेल्डिंग, मग प्लाय. दर गावागणिक बदलतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा बाजारपेठेच्या गावांत जाळीचे दोन-तीन दुकानदार असतात, तिथे दर काढून मगच घ्या. पैसे कमी पडले तर प्लायऐवजी तळाला जुन्या लाद्या बसवा, फळ्या जुन्या दाराच्या करा, रंगाचा दुसरा हात पुढच्या महिन्यात मारा. जाळी हलकी घेऊन किंवा ट्यूब लहान घेऊन पैसे वाचवू नका. तेवढ्यानेही भागत नसेल तर पिल्लाला शोकेसमध्ये आणखी चार-सहा महिने ठेवता येतं, तोवर मोठ्या पिंजऱ्याचे पैसे जमतात. शोकेसमधलं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचं माप महिन्याला घेत जा. ते शोकेसच्या लांबीएवढं झालं की मोठा पिंजरा तयार असायलाच हवा.